पिंपाखालचं हाड

आमच्या मालकाने, एथलमेरने, आयुष्यात जे जे देऊन टाकलं ते सगळं माझ्या पिंपावर हात ठेवून दिलं. जवाची दारू चांगली उतरली आणि तिसरा प्याला पोटात गेला की तो उठायचा, पिंपाच्या झाकणावर दोन्ही पंजे पसरायचा आणि समोर जो दिसेल त्याला काहीतरी बहाल करायचा. एकदा चीज विकणाऱ्याला घोडी दिली. एका वीणावाल्याला आपली लाडकी कुत्री दिली. सकाळी त्याला काही आठवायचं नाही आणि घेणाऱ्याला मागायची लाज वाटायची, त्यामुळे इतकं दान करूनही त्याच्या घरातली एक खुंटी कधी कमी झाली नाही.

मी वुल्फरून. हेझलकोममध्ये, नदी पायी ओलांडतात त्या उताराजवळच्या टेकाडावर माझं दारूचं घर आहे. शेजारी गोड्या पाण्याची विहीर आणि एक सफरचंदाचं झाड. आधी तिथे आई दारू गाळायची, मग मी. माझ्या नवऱ्याने पण तिथेच पिऊन पिऊन देह ठेवला. पण घर होतं मालकाचं, कारण हेझलकोममधलं सगळंच मालकाचं, नदीतल्या बेडकांसकट.

तर हा एथलमेर खोकून खोकून वारला, त्याच वसंतात जेव्हा राजाही नुकताच वारला होता. दोघांनाही मूलबाळ नाही. दोघांनीही जिवंतपणी जीभ सैल सोडलेली. राजाच्या गादीचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. समुद्रापलीकडचे नॉर्मन म्हणाले, म्हाताऱ्या राजाने गादी आम्हाला कबूल केली होती. आमचे म्हणाले, मरताना आम्हाला दिली. नॉर्मन म्हणाले, अहो, तुम्ही गादीवर बसवलेल्याच माणसाने पूर्वी आमच्याकडे येऊन मेजावर हात ठेवून शपथ घेतली होती की तो आड येणार नाही, आणि त्या मेजावरच्या कापडाखाली संतांची हाडं होती. आमचे म्हणाले, त्याला हाडं दिसली नव्हती. ते म्हणाले, संतांना तो दिसला होता. मग जहाजं आली, लढाई झाली, आमचा राजा पडला आणि वाद मिटला.

त्या वर्षापासून आमच्या भागात मेजाखाली वाकून पाहिल्याशिवाय कोणी साधं ‘हो’ म्हणेना. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाने गुडघ्यावर बसून मेजावरचं कापड उचलून पाहिलं. भाची अजून त्याला ते ऐकवते.

लढाईनंतरच्या वसंतात नॉर्मन सरदार ऑस्बर्न आला. बरोबर सहा घोडेस्वार आणि एक गुळगुळीत पाद्री. आमची भाषा तो दगडावरून चालल्यासारखी बोलायचा, पण बोलायचा, कारण चौदा वर्षांपूर्वी पाहुणा म्हणून आला होता तेव्हा महिनाभर माझ्याच बाकावर बसून शिकला होता. शिकारीत नदीत पडला होता बिचारा. एथलमेरने त्याला ओढून काढलं, माझ्याकडे आणलं, पाजलं, आणि तिसऱ्या प्याल्याला उठून आपलं मोठं घर, शेतं, गिरणी, सगळं त्याच्या ओल्या झग्यात टाकलं.

“मला आठवते,” ऑस्बर्न म्हणाला. “बरोबर आठवते.”

“न आठवायला काय झालं,” मी म्हटलं. “घेणारा तुम्ही होता.”

दोन दिवसांत एथलमेरचा पुतण्या ब्रिह्ट्रिक दोन डोंगर ओलांडून हजर झाला. मालकाच्या शेवटच्या आजारात हा फिरकला नव्हता. लढाईलाही गेला नव्हता, अंगठ्याला गळू झालं होतं म्हणे. जमिनीचं नाव निघाल्यावर तो अंगठा एकदम बरा झाला.

“दारूतलं वचन!” ब्रिह्ट्रिक माझ्या अंगणात उभा राहून ओरडला. “दारूतल्या वचनाला कोण विचारतो? मी रक्ताचा आहे, रक्ताचा!”

“तुझं रक्त लढाईत का नाही सांडलं?” ऑस्बर्नने विचारलं. हे वाक्य तो अगदी शुद्ध बोलला. पाठ करून आला असणार.

दोघं भांडत होते तोवर मला मजा वाटत होती. कोणी का मालक होईना, तहान सगळ्यांना लागते. पण मग ऑस्बर्न माझ्या दाराशी उभा राहिला, त्याने चहूकडे पाहिलं, आणि घोड्याची पारख करावी तसा आपल्या माणसांशी टेकाडाबद्दल बोलू लागला. एक माणूस सफरचंदाच्या झाडाभोवती खुंट्या ठोकायला लागला.

“हे काय?” मी विचारलं.

“बुरूज,” तो म्हणाला. “इथे माती. उंच माती. वर बुरूज. विहीर आत.”

“आणि माझं घर?”

त्याने हाताने माती थापटल्यासारखं केलं. घर मातीखाली.

मी धावत ब्रिह्ट्रिककडे गेले. म्हटलं, बाबा, तू जिंकलास तर माझं घर ठेवशील ना? हा माणूस मला जन्मात कधी नावानेही हाक मारत नव्हता. आता म्हणाला, “मावशी, तू काळजीच करू नकोस. तुला खाली ओढ्याकाठी झोपडी देतो की. त्या जागी मला कुत्र्यांसाठी घर बांधायचंय, पाणी जवळ आहे ना.”

म्हणजे एकाला माझ्या घरावर माती हवी होती आणि दुसऱ्याला कुत्री. मी परत आले, दाराच्या उंबऱ्यावर बसले आणि खरं सांगते, रडले. त्रेपन्न वर्षांची बाई मी. जन्मले त्या घरात, आई गेली त्या घरात, ओढ्याकाठच्या दलदलीत जाऊन मी काय गाळणार, चिखल?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्बर्न आत आला. सामानसुमान काय काय आहे ते मोजायला. “पिंप हलवा,” म्हणाला. दोघांनी पिंप तिरकं केलं आणि खालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गडगडत बाहेर आलं. पाद्रीने ते उचललं, फडकं सोडलं. आत हाड होतं. वीतभर लांब, जुनं, तपकिरी, चकचकीत.



आता ते हाड कशाचं होतं ते सांगते. आमच्याकडे काळ्या कानाची एक डुकरीण होती, फार गुणाची. डुकरं मारायच्या महिन्यात आईने तिला मारली, तंगडी महिनाभर धुरावर टांगली, आम्ही ती नाताळात खाल्ली. पिंपाखालची जमीन उतरती होती, पिंप डुगडुगायचं. आईने नळीचं हाड घासूनपुसून पाचर म्हणून खाली सारलं आणि सरकू नये म्हणून त्याला फडकं गुंडाळलं. बस. एवढाच त्याचा इतिहास.

पण ऑस्बर्नचे डोळे बटणासारखे झाले. तो गुडघ्यावर बसला. “संत,” तो पुटपुटला. “मालकाचा हात वर. संत खाली. हे वचन नाही. हे शपथ!”

मी तोंड उघडलं. ‘अहो, ती पाचर आहे’ एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात बाहेर खुंटी ठोकल्याचा आवाज आला, आणि मी तोंड मिटलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. ब्रिह्ट्रिक धापा टाकत आला. कालपर्यंत दारूतल्या वचनाला हसणारा हा माणूस, हाड पाहताच त्याला आठवलं की सहा वर्षांपूर्वी काकाने त्यालाही मोठं घर याच पिंपावर हात ठेवून दिलं होतं. आणि ते खरंही होतं, मीच प्याले भरत होते.

“मावशी, मला दिलेली शपथसुद्धा हाडावरचीच झाली ना मग?”

“पिंप तेच, हाड तेच,” मी म्हटलं. “पण साक्षीदार लागेल बाबा. डुड्डाला विचार. चाळीस वर्षं माझ्या बाकावर बसतोय, मालकाने कोणाला काय दिलं ते त्याला मेंढ्यांच्या खुणांसारखं पाठ आहे.”

मग ऑस्बर्नकडे गेले आणि त्यालाही हेच सांगितलं. मेंढपाळ डुड्डाला त्या आठवड्यात एका बाजूने चीजचा गोळा आला, दुसऱ्या बाजूने डुकराचं मांस. म्हातारा दोन्ही घेऊन दोघांनाही म्हणाला, “जे ऐकलं ते सांगेन.” ऐकून दोघंही खूश.

माझ्या मनात काय होतं? सांगते. मालकाच्या सगळ्या दानांत पहिलं दान माझं होतं. खोल बर्फ पडलं त्या वर्षी, चौतीस वर्षांपूर्वी. तो बावीसचा, मी एकोणीसची. तेव्हाही तो पिंपाशी उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “वुल्फरून, हे घर, ही विहीर, ते झाड, तुझं.” लग्नाचंही वचन दिलं असतं, पण तेवढी चढली नव्हती. पुढच्या वर्षी त्याने चार नांगरांच्या जमिनीशी लग्न केलं, जमिनीबरोबर एक बायकोही आली. दिलेलं घर तो विसरला असणार, असं मी धरून चालले. मी विसरले नव्हते. पण एकट्या बाईने सभेत उठून ‘मला दिलं होतं’ म्हटलं तर लोक हसून मरतील. त्या दोघांनी आधी हाड पवित्र ठरवायला हवं होतं, आणि कोणीतरी डुड्डाला विचारायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र मनाला डाचत होती. मी आमच्या गावच्या पाद्रीबाबांकडे, एल्फसींकडे गेले. दार लावून घेतलं.

“बाबा, ते हाड डुकराचं आहे.”

“काळ्या कानाच्या डुकरिणीचं?” त्यांनी डोळे मिटले. “काय मांस होतं गं ते.”

“बाबा!”

“ऐकतोय. तू शपथेवर खोटं बोललीस तर नरकात जाशील, ते मी चुकवू शकत नाही. पण कोणी न विचारलेलं सांगत सुटणं, यालाही मी पुण्य म्हणत नाही. ते नुसतं तोंडाळपण. विचारतील तेवढंच सांग. आणि जे सांगशील ते खरं सांग.”

किती शहाणा माणूस, असं मला तेव्हा वाटलं.

सभा भरली उताराजवळच्या मोठ्या ओकच्या झाडाखाली. नव्या राजाचा अधिकारी आला होता, सर्दीने नाक लाल झालेला. मेजावर उशी, उशीवर हाड. बसण्याआधी अधिकाऱ्याने वाकून मेजाखाली पाहिलं. सवय.

नॉर्मन पाद्री पुढे आला. म्हणाला की हाडाला एक अद्भुत सुगंध येतो, हे पावित्र्याचं लक्षण. येणारच की. आईने महिनाभर ओकच्या धुरावर टांगलं होतं. ऑस्बर्नने हाडावर हात ठेवून शपथ घेतली की हे संताचं आहे याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नाही. ब्रिह्ट्रिक मागे कसा राहील? त्याने हाड दोन्ही हातांत घेतलं, मुका घेतला आणि जाहीर केलं की स्पर्श होताच त्याची दाढदुखी थांबली. एल्फसीबाबांना अचानक खोकला आला, ते झाडामागे गेले.

मग मला बोलावलं.

“हे हाड पिंपाखाली होतं?”

“होतं, साहेब.”

“केव्हापासून?”

“आईच्या वेळेपासून. खोल बर्फाच्या वर्षाच्या आधीपासून.”

“तिने ते तिथे का ठेवलं?”

झालं. हा प्रश्न कोणी विचारणार नाही असं मी धरून बसले होते. पण बाबांनी सांगितलं होतं, खरं सांग. मी खरं सांगितलं.

“पिंप डुगडुगू नये म्हणून, साहेब.”

नॉर्मन पाद्रीने छातीवर क्रूसाची खूण केली. “एवढीशी बाई, आणि केवढी श्रद्धा! घरातली प्रत्येक वस्तू तिने संताच्या आधारावर उभी केली होती.” अधिकाऱ्याने मान डोलावली आणि नाक पुसलं. मी जागेवर जाऊन बसले.

डुड्डा उठला. उठायला त्याला नेहमी वेळ लागतो, त्यात आज सगळे बघत होते म्हणून त्याने जास्तच लावला.

“मयताने या पिंपावर हात ठेवून कोणाकोणाला काय दिलं, ते सांग.”

“सगळं?”

“सगळं.”

“मग मला बसून सांगू द्या,” डुड्डा म्हणाला. हशा पिकला. त्याने उलट्या क्रमाने सुरुवात केली. “सहा वर्षांपूर्वी, मेंढ्या कातरायच्या दिवसांत, मोठं घर याला, ब्रिह्ट्रिकला. त्याच्या आधी कुत्री वीणावाल्याला. त्याच्या आधी घोडी चीजवाल्याला. चौदा वर्षांपूर्वी मोठं घर या नदीत पडलेल्या सरदाराला.” ऑस्बर्नने ब्रिह्ट्रिककडे पाहिलं. “त्याच्या आधी मासळीचं तळं एल्फसीबाबांना.”

मी गर्रकन वळले. बाबा आपल्या बुटांचे बंद बघत होते. हं! विचारतील तेवढंच सांग म्हणे.

“आणि सगळ्यांत पहिलं,” डुड्डा म्हणाला, “खोल बर्फाच्या वर्षी. टेकाडावरचं दारूचं घर, विहीर आणि सफरचंदाचं झाड. वुल्फरूनला. तिच्या चुलीतून धूर निघतो तोवर.”

मला आठवत होतं त्याहून एक वाक्य जास्त. ‘धूर निघतो तोवर’ हे माझ्या लक्षातच नव्हतं. सगळ्या सभेसमोर माझे डोळे भरून आले आणि मी फडक्यात नाक खुपसलं.

ऑस्बर्न ताडकन उठला. “दारूतले बोलणे! तो प्यायला होता!”

अधिकाऱ्याने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. “चौदा वर्षांपूर्वी प्यायला नव्हता?”

ऑस्बर्न जितक्या जोरात उठला होता तितक्याच जोरात बसला. आता हाड संताचं नाही म्हणावं तर सकाळीच घेतलेली शपथ मोडते, आणि शपथ मोडणाऱ्याचं काय होतं ते सांगतच तर त्यांनी सगळं राज्य घेतलं होतं.

निकाल झाला. मोठं घर ऑस्बर्नला, कारण त्याला दिलेली शपथ पुतण्याच्या आधीची. तळं बाबांना. माझं घर, विहीर आणि झाड मला. ब्रिह्ट्रिकला काहीच मिळालं नाही, दाढ सोडून. ती म्हणे घरी पोहोचेपर्यंत परत दुखायला लागली.

हाडाला ऑस्बर्नने चांदीची पेटी करवली आणि देवळात ठेवलं. दर सणाला लोक त्यापुढे वाकतात. मीही वाकते. मनापासून वाकते, काळ्या कानवालीचे उपकार आहेत माझ्यावर. बुरूज त्याने उताराच्या पलीकडे, ओढ्याकाठच्या दलदलीत उभारला. दोन हिवाळ्यांत तो एका बाजूला कलला. मी काही बोलले नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच सुगीनंतर एका दुपारी ऑस्बर्न माझ्याकडे आला. बुरुजात बसून बसून कंटाळला असावा. बाकावर डुड्डाशेजारी बसला, डुकराचा पाय खाल्ला, दोन प्याले झाले, तिसरा घ्यायला पिंपाशी आला. पिंप डुगडुगलं आणि अर्धी दारू त्याच्या बुटांवर सांडली.

“हे हलते!”

“पूर्वी हलत नव्हतं, सरदार. खालचं तुम्ही नेलंत ना.”

तो वळला, आपल्या ताटातलं हाड उचललं, खाली वाकला आणि स्वतःच्या हाताने ते पिंपाखाली ठोकलं. “आता,” म्हणाला. खरंच बसलं घट्ट. तिसरा प्याला त्याने तिथेच उभ्याने प्यायला. चेहरा मऊ झाला. हात पिंपावर ठेवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “वुल्फरूनबाई, दारू चांगली. फार चांगली. तुला मी...”

आणि थांबला. गुडघ्यावर बसला, पिंपाखाली पाहिलं. स्वतः दोन मिनिटांपूर्वी ठोकलेल्या हाडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला, हात झग्याला पुसला, आणि “बघू” एवढंच म्हणून निघून गेला.

डुड्डा हसता हसता खोकायला लागला. “एथलमेर दोन्ही हात ठेवायचा,” तो म्हणाला.

“आणि सकाळी विसरायचा,” मी म्हटलं.

“तुझं नाही विसरला.”

“काय?”

“बर्फाच्या त्या वर्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढ्यांच्या कुंपणाशी आला. शुद्धीत होता पुरता. म्हणाला, डुड्डा, काल वुल्फरूनला म्हणालो ते खरं धर. कोणी कधी विचारलं तर सांग. ते धुराचं त्याने तेव्हाच सांगितलं, पिंपापाशी नव्हे.”

माझ्या हातातलं ओगराळं तसंच राहिलं. इतकी वर्षं मी त्या माणसाला प्याले भरभरून दिले आणि दर वेळी मनात म्हटलं, विसरभोळ्या. एकदाही त्याच्याकडे तो विषय काढला नाही.

“चौतीस वर्षं! आणि हे तू मला आज सांगतोस?”

“तू कुठे विचारलंस?” डुड्डाने प्याला पुढे केला. “विचारलेलंच सांगावं, असं बाबा म्हणतात.”

मी त्याला दोन सणसणीत शिव्या घातल्या, प्याला काठोकाठ भरून दिला, आणि पाणी आणायचं निमित्त करून विहिरीवर गेले. माझ्या विहिरीवर.